साक्षीनंतरचे दिवस

व्यसनातून सुटलेल्या माणसाची साक्ष हा आपल्या समाजात चांगलाच रुजलेला वाङ्मयप्रकार आहे. ‘वाङ्मयप्रकार’ हा शब्द येथे समजूनउमजून योजला आहे. युवक मेळाव्यात, ध्यानसाधनेच्या शिबिरात, सणाच्या विशेषांकात आपण अशा साक्षी ऐकतो नि वाचतो, आणि त्यांची घडण बहुधा ठरून गेलेली असते. आधी काळोख, मग एक निर्णायक क्षण, मग उजेड. क्रियापदे सारी भूतकाळी. सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याने सोसलेले खरे असते आणि त्याचा आनंदही खरा असतो. प्रश्न आहे तो या घडणीचा. चाळिशीतल्या माणसाला ती कशीबशी पेलते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून वा मुलीकडून मात्र ती असे काही मागते, जे त्यांच्यापाशी अजून असूच शकत नाही. ती गोष्टीचा शेवट मागते.

या दृष्टीने दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. दोन्ही १९७०च्या दशकातली, दोन्ही कोवळ्या वयात अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या मुलींची, दोन्हींच्या लाखो प्रती खपलेल्या. एक अमेरिकेतले, दुसरे जर्मनीतले.

अमेरिकेतले पुस्तक ‘गो आस्क अ‍ॅलिस’. ते १९७१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाच्या जागी ‘निनावी’ असे छापलेले होते आणि एका खऱ्या मुलीची ही खरी रोजनिशी आहे, असे वाचकांना सांगण्यात आले. मुलगी सुशिक्षित, सुस्थित घरातली. एका पार्टीत तिच्या शीतपेयात तिच्या नकळत एल.एस.डी. मिसळले जाते आणि तेथून तिची घसरण सुरू होते. ती घरी परतते, निश्चय करते, पुन्हा घसरते, पुन्हा परतते. अखेरीस रोजनिशी थांबते आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी ती मरण पावल्याचे पुस्तकाच्या शेवटी आपल्याला सांगितले जाते. काही शाळांनी या पुस्तकावर बंदी घातली, तर काहींनी ते मुद्दाम वाचायला लावले. पुढे उघड झाले की त्यामागे बियाट्रिस स्पार्क्स नावाच्या मध्यमवयीन बाई होत्या आणि लेखिका म्हणून स्वामित्वहक्काची नोंदही त्यांच्याच नावाने होती. अशाच ‘खऱ्या’ रोजनिश्या त्यांनी पुढेही काढल्या.

रोजनिशी बनावट होती, हा गुन्हा वाङ्मयीनदृष्ट्या दुय्यम आहे. कादंबरीही बनावटच असते. खरा दोष त्या पेल्यात आहे. व्यसन बाहेरून येते, फसवून येते, आणि ज्या घरात ते येते ते घर निर्दोष असते, ही या पुस्तकाची भूमिका आहे. आईबापांना ते एवढे का भावले, हे त्यावरून कळते. ते त्यांना घाबरवते, पण काहीही विचारत नाही.

जर्मन पुस्तकाची जन्मकथा अगदी वेगळी आहे. पश्चिम बर्लिनमधील एका खटल्यात पंधरा वर्षांची एक मुलगी साक्षीदार होती. काय हेर्मान आणि होर्स्ट रीक या पत्रकारांनी तिच्याशी दोन तास बोलायचे ठरवले. ते बोलणे दोन महिने चालले. त्यांनी ध्वनिफितींवरून जो मजकूर सिद्ध केला, तो आधी ‘श्टेर्न’ साप्ताहिकात आणि १९७८ साली पुस्तकरूपाने आला. नाव होते ‘आम्ही झू स्टेशनची मुले’. मुलीचे नाव ‘क्रिस्तियाने एफ.’ एवढेच छापले होते. निवेदन प्रथमपुरुषी आहे, पण ते पत्रकारांच्या हातून गेले आहे आणि ही गोष्ट पुस्तक लपवीत नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्वीच झाले होते; २०१३ साली ‘झू स्टेशन’ या नावाने नवेही निघाले.

पुस्तकाची सुरुवात हेरॉइनपासून होत नाही. ती होते ग्रोपियुसश्टाट नावाच्या सिमेंटच्या उत्तुंग इमारतींच्या वसाहतीत. सहा वर्षांची क्रिस्तियाने खेड्यातून येथे राहायला येते. या इमारतींतल्या लिफ्टची बटणे मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर आहेत. म्हणून मुले खेळायला जाताना स्वयंपाकघरातला लाकडी डाव बरोबर घेतात आणि त्याने बटण दाबतात. डाव विसरला तर लघवीला घरी पोचणेही कठीण. जिकडेतिकडे मनाईच्या पाट्या आहेत. एवढ्या एका डावातून ती वसाहत जितकी उभी राहते, तितकी समाजशास्त्राच्या प्रबंधातून राहणार नाही.

आणि मग घर. वडिलांचा धंदा बुडालेला. ते मुलींना मारतात. शाळेतल्या गणितावरून मारतात, क्षुल्लक कारणावरून मारतात. मित्रांसमोर मुलींनी आपल्याला बाबा न म्हणता ‘काका’ म्हणावे, असा त्यांचा दंडक आहे. हे सारे क्रिस्तियाने आक्रोश न करता सांगते. किंबहुना त्या बापाविषयी तिला आदरही वाटतो, त्याच्यासारखे जरबेने जगावे असे वाटते. मार खाणाऱ्या मुलाच्या मनाची ही गुंतागुंत बनावट रोजनिशीला कधीच सुचली नसती. बाराव्या वर्षी चर्चच्या युवक केंद्रात हशीश, तेराव्या वर्षी, एप्रिल १९७६मध्ये, डेव्हिड बोवीच्या गाण्याच्या कार्यक्रमानंतर हेरॉइन, आणि मग त्या पैशासाठी झू स्टेशनच्या परिसरात देहविक्रय, ही पुढची उतरण सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटाने ती आणखी गाजवली. पुस्तकाचे बळ मात्र त्या आधीच्या पानांत आहे. (युवक केंद्र प्रॉटेस्टंट चर्चचे होते, हे वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकू नये. तेथील पाळकही या पुस्तकात बोलतो आणि त्याचे बोलणे ऐकण्याजोगे आहे.)

बालपणीचा आघात आणि व्यसन यांचा संबंध पुढे वैद्यकाने आकड्यांत मांडला. अमेरिकेत सॅन दिएगो येथे झालेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की मारहाण, अत्याचार, घरातील हिंसा यांसारखे चार किंवा अधिक अनुभव ज्यांच्या बालपणी आले, त्यांच्यात मद्यासक्ती, मादक द्रव्यांचे सेवन, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक होता. क्रिस्तियानेने हे वीस वर्षे आधी, एकही सिद्धान्त न मांडता सांगून ठेवले होते.

आता सुटकेकडे. पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा भाग माझ्या मते पहिल्या ‘टर्की’चा आहे. नशा तुटल्यावर शरीराची जी तडफड होते तिला बर्लिनची मुले ‘टर्की’ म्हणत; मुंबई-पुण्याचे गर्दुल्लेही तोच शब्द वापरतात. क्रिस्तियाने आणि तिचा मित्र डेटलेफ तिच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात. आई शुश्रूषा करते. घाम, उलट्या, हाडे मोडल्यासारखी वेदना, आणि काही दिवसांनी दोघेही त्यातून बाहेर पडतात. शरीर स्वच्छ झालेले असते. सामान्य साक्ष येथे संपली असती. ही मुले मात्र, नुसते जुन्या सोबत्यांना भेटायचे म्हणून, झू स्टेशनवर जातात. दुसरे जायचे कोठे? त्यांना ओळखणारी, त्यांची वाट पाहणारी माणसे जगात फक्त तेथेच होती. त्यांच्या पुनर्पतनाचे कारण मोह नव्हे, एकटेपणा हे आहे. शरीराचे विष उतरायला आठवडा पुरतो. रिकामी झालेली जागा भरायला काय लागते, याचे उत्तर त्या घरात कोणापाशीही नव्हते.

त्यानंतरचे उपायही पुस्तक निष्ठुरपणे नोंदवते: एका पंथाचे उपचारकेंद्र, तेथून पळणे, मग वडिलांच्या घरी नजरकैद. ज्या हातांनी जखम केली त्याच हातांवर उपचार सोपवला जातो आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. दरम्यान चौदा वर्षांची मैत्रीण बाब्सी मरण पावते, आणि ती बातमी क्रिस्तियानेला वर्तमानपत्रातून कळते.

या निवेदनाच्या मधूनमधून आईची प्रकरणे येतात. पत्रकारांनी ही जी रचना केली, ती या पुस्तकाची सर्वांत मोठी वाङ्मयीन जमेची बाजू होय. आई वाईट नाही. ती स्वतः कडक बापाच्या धाकातून पळण्यासाठी लवकर लग्न करून बसलेली आहे. आपल्या मुलींना तरी मोकळीक द्यावी, त्यांच्यावर विश्वास टाकावा, असे तिने ठरवले होते. ती दिवसभर नोकरी करते, संध्याकाळी थकून येते. मुलीने आधीच्या पानात जे सांगितले तेच दिवस आई पुढच्या पानात सांगते, आणि दोघींच्या दिवसांत काहीही समान नसते. लेखकांनी तेथे एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही. आईची पाने वाचताना तिच्यावर रागावणे अशक्य होते आणि तिला निर्दोष म्हणणेही.

१९८१ साली उली एडेल या दिग्दर्शकाने काढलेल्या चित्रपटात नेमके हेच गळून पडले. बोवीचे संगीत आहे, स्टेशनचा फिकट उजेड आहे, टर्कीचे दृश्य अंगावर काटा आणणारे आहे. पण वडिलांची मारहाण नाही आणि आईचा आवाजही जवळजवळ नाही. जखम कापून टाकली की उरते ते केवळ पतनाचे दर्शन, आणि पतनाचे दर्शन आकर्षक असते. क्रिस्तियानेसारखे कपडे करणाऱ्या मुली जर्मनीत निपजल्या आणि झू स्टेशन पाहायला लोक येऊ लागले, ते उगीच नव्हे.

मराठीत या विषयावर अनिल अवचटांचे ‘गर्द’ आहे. अवचटांचे या विषयावरील लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. एखाद्या लेखनाची समीक्षा एवढ्या तातडीने कृतीत उतरल्याचे दुसरे उदाहरण आपल्या भाषेत चटकन आठवत नाही. अवचटांची शैली साधी, प्रश्न विचारीत जाणारी. त्या शैलीत निवाडा नाही. ‘मुक्तांगण’ने उपचारात कुटुंबालाही ओढले, याचा धागा मला त्या शैलीशी जुळलेला वाटतो. मात्र तिथला निवेदक बाहेरून आत पाहणारा आहे. क्रिस्तियानेचा आवाज आतून येतो, आणि तेवढ्या एका कारणासाठी तिचे पुस्तक त्याला पूरक ठरते.

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. तिच्या सभांत वीस वर्षे थेंबही न घेतलेला माणूस उभा राहून स्वतःला मद्यासक्तच म्हणवतो, आणि तेही वर्तमानकाळात. आपल्या साक्षींना हा वर्तमानकाळ मानवत नाही. वास्तविक आपल्याला त्याचा परिचय हवा. संत लूकने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला मेजवानीपाशी थांबतो. धाकटा मुलगा पुढे घरात टिकला की नाही, त्याची भूक पुन्हा जागी झाली की नाही, थोरला भाऊ आत आला की नाही, यांतले काहीही तेथे सांगितलेले नाही. बाप मेजवानी देतो ती शेवटाची खात्री पटली म्हणून नव्हे.

क्रिस्तियानेच्या पुस्तकाचा शेवटही असाच उघडा आहे. आई तिला हॅम्बुर्गजवळच्या खेड्यात आजीकडे पाठवते. तेथे ती शाळेत जाऊ लागते, नवे मित्र मिळतात. ही मुले गावाजवळच्या चुन्याच्या जुन्या खाणीत उतरतात आणि स्वप्ने रंगवतात की ही खाण भाड्याने घ्यावी, तळाशी लाकडी घरे बांधावीत आणि पुन्हा कधी वर येऊच नये. पुस्तक येथे संपते. लाखो वाचकांनी हा शेवट मुलगी सुटली असा वाचला, शाळांतून तो तसा शिकवलाही गेला. पानावर मात्र जगाकडे पाठ फिरवू पाहणारे एक मूल आहे, आणि त्याला अजून खड्डाच सुरक्षित वाटतो आहे.

२०१३ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तिने ‘माझे दुसरे आयुष्य’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते पहिल्याइतके चांगले नाही. विस्कळीत आहे, प्रसिद्ध माणसांचे किस्से त्यात नको तितके आहेत. हेरॉइनकडे वारंवार परतणे, यकृताचा जुनाट आजार, मेथाडोनचे उपचार, आणि ‘झू स्टेशनची मुलगी’ म्हणून आयुष्यभर ओळखले जाण्याचा शीण, एवढे त्यातून हाती लागते. तरी आपल्या धर्मग्रामातील वाचनालयांनी पहिले पुस्तक घेतले तर हेही घ्यावे, दोन्ही एकत्र बांधून ठेवावीत. आणि ती मुलांच्या कपाटात नव्हे, आईवडील ज्या कपाटातून पुस्तके नेतात त्या कपाटात ठेवावीत.