‘आरे वाचवा’: एका घोषणेचा अर्थविचार

मुंबईच्या आरे वसाहतीतील वृक्षतोड ७ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थांबविली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन. तोवर २,१४१ झाडे पडली होती. तीनच दिवसांपूर्वी उच्च न्यायालयाने आरेस ‘वन’ ठरविण्याची मागणी फेटाळली होती. म्हणजे वाद झाडांइतकाच शब्दाचाही होता. आंदोलक तरुणांनी ‘जंगल’ या शब्दाचा धरलेला आग्रह त्यामुळे सार्थच म्हटला पाहिजे. परंतु ‘आरे वाचवा’ यातील कर्म केवळ स्थलवाचक आहे. आमच्या सिंधुदुर्गात ‘देवराई’ म्हणताच झाडांबरोबर देव, मानकरी, किंबहुना सारी गावऱ्हाटीच डोळ्यांपुढे येते. आरेतील पाड्यांवरचे वारली आंदोलनात होते. घोषणेच्या अर्थकक्षेत मात्र त्यांना स्थान मिळाले नाही. ही उणीव निव्वळ शैलीची मानणे कठीण आहे.