फोटोचे पासबुक आणि अंगठ्याचे यंत्र

सूक्ष्मवित्ताच्या चर्चेत तंत्रज्ञान म्हणजे संगणक व मोबाइल, असे गृहीत धरले जाते. इला भट्ट यांचा ‘वुई आर पुअर बट सो मेनी’ (2006) हा इंग्रजी ग्रंथ हे गृहीतक तपासायला लावतो. त्यात ज्या सेवा बँकेची घडण येते, ती अहमदाबादेत 1974 मध्ये सुमारे 4,000 कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी 10 रुपयांचा शेअर घेऊन उभी केली. सही न येणाऱ्या खातेदार स्त्रीची ओळख पटावी म्हणून बँकेने फोटोचा आधार घेतला. साधन साधेच, पण ते तिच्या अडचणीतून निघाले.

पुढे रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये व्यवसाय प्रतिनिधींना परवानगी दिली आणि 2014 मध्ये जनधन योजना आली. बँक दारापर्यंत पोचली, हे मान्यच. परंतु भांडी घासून, विटा वाहून झिजलेली बोटे यंत्र अनेकदा ओळखत नाही. ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर. मग खाते तिचे आणि व्यवहार दुसऱ्याचा, अशी स्थिती होते.

म्हणून आपल्या बाजव्यात वित्तीय समावेशन मोजताना ‘खाती किती?’ एवढ्यावर न थांबता ‘पैसे तिने स्वतः काढले का?’ असेही विचारावे. विद्यार्थिनींना हा प्रश्न प्रथम घरी, आईला विचारायला सांगावा.