शरणपूर आणि बेथेल : नावांची साक्ष कितपत ग्राह्य?

आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती समाजाची चर्चा बहुधा नावांपासून सुरू होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले इंग्रजी नाव म्हणजे मूळ ओळख पुसली गेल्याचा पुरावा, असे गृहीत धरले जाते; आणि त्यावरून तो धर्मही बाहेरून लादलेला, असे दुसरे अनुमान काढले जाते. या दोन अनुमानांमधील अंतर मोठे आहे. ते मोजण्याची सोय महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

जालन्याजवळील बेथेल ही वसाहत नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली. हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता व वसाहतीची जमीन सालारजंगांकडून मिळाली होती. शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वसाहतीत आले ते मुख्यतः मांग समाजातील लोक. शेषाद्रींनी गावाला नाव दिले ते हिब्रू : ‘बेथेल’ म्हणजे देवाचे घर. स्वतःचे ‘नारायण’ हे नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. विष्णूचे नाव धारण करणारा हा धर्मोपदेशक १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलला, तेव्हा त्याच्या श्रद्धेविषयी कोणी शंका घेतली नाही.

नाशिकजवळचे शरणपूर नेमके याच्या उलट आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या या वसाहतीत, इंग्रज आरमाराने अरबी गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय मिळाला. येथे गावाचे नाव संस्कृत, आणि रहिवाशांची नावे जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स अशी इंग्रजी. (‘वेनराइट’ म्हणजे गाडे घडविणारा, मराठीतील ‘सुतार’ या आडनावाच्या जातीचे.) ज्यांना निवड करता आली त्यांनी नाव राखले, ज्यांना ती नव्हती त्यांचे नाव बदलले, एवढा निष्कर्ष येथे निःसंशय निघतो. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे नाव सांगते. धारण करणाऱ्याने त्याचे पुढे काय केले, हे ते सांगत नाही.

ते सांगतात पुढील घटना. लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी मध्य आफ्रिकेत निवर्तले. त्यांचे हृदय तेथील झाडाखाली पुरताना प्रार्थना म्हटली ती वेनराइटने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. त्या अरण्यात प्रार्थना म्हणण्यास त्याला फर्मावणारा कोणी मिशनरी नव्हता. त्याच काफिल्यातील चुमा याचा मुंबईत ‘जेम्स’ या नावाने बाप्तिस्मा झाला होता, पण इतिहासाने त्याला चुमाच ठेवले. दिलेले नाव चिकटतेच असे नाही. एकाचे चिकटले, दुसऱ्याचे गळाले, आणि यावरून दोघांच्या श्रद्धेचे माप घेता येत नाही.

मोंबासाजवळ १८७५ साली ‘फ्रीर टाउन’ वसले तेव्हा शरणपूरची बरीच मंडळी तेथे गेली. तेथे त्यांना नवे नाव मिळाले : ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकात जे आफ्रिकी होते ते आफ्रिकेत मुंबईकर ठरले! या विनोदाकडे केवळ उपरेपणाचे लक्षण म्हणून पाहणे अपुरे होय. याच गटातून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी धर्माधिकाराची दीक्षा दिली. उपरे म्हणून आलेले लोक तेथील चर्चचे पहिले आफ्रिकी सेवक झाले.

मराठीचा स्वतःचा दोषही येथे नोंदविला पाहिजे. ‘हबशी’ हा शब्द अरबीतून आला आणि मुळात अबिसिनियाचा वाचक होता. त्या देशाचे ख्रिस्ती चर्च इसवी सनाच्या चौथ्या शतकाइतके जुने आहे. परंतु जंजिरा आणि मलिक अंबर (ज्याने १६१० साली वसविलेली खडकी जालन्यापासून फार दूर नाही) यांच्या इतिहासामुळे मराठी कानाला हबशी म्हणजे मुसलमानच वाटतो. त्यामुळे ‘आफ्रिकी ख्रिस्ती’ हा प्रयोग आपल्याला विसंगत भासतो व त्याचे स्पष्टीकरण ‘मिशनने केलेले’ असेच सुचते. ही विसंगती शब्दाच्या इतिहासाने निर्माण केली आहे. वस्तुस्थितीत ती नाही.

उत्तर कन्नडातील सिद्दींचे उदाहरण याहून बोलके आहे. हल्याळ तालुक्यात ख्रिस्ती सिद्दी मोठ्या संख्येने आहेत. अन्यत्र हिंदू व मुसलमान सिद्दीही आहेत. ख्रिस्ती कुटुंबांची नावे पोर्तुगीज वळणाची, बोली कोंकणीच्या जवळची, आणि ‘सिद्दी’ हे अभिधान तिन्ही धर्मांत समान. २००३ साली अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो याच नावाने. तेथे ‘अंतोन’ असणे आणि ‘सिद्दी’ असणे यांत कोणाला तडजोड करावी लागत नाही. शरणपूरच्या मुलांना मात्र असे सामाईक आडनाव कधी मिळाले नाही, आणि ‘बॉम्बे आफ्रिकन’ हे त्याची जागा घेण्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला.