एक सूची, दोन खंड

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे ऋण आम्ही नित्य वागवितो, तरी एक अडचण नोंदविणे प्राप्त आहे. पहिल्या खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५० पर्यंतचे ग्रंथ येतात. त्यामुळे खांडेकरांची ‘उल्का’ (१९३४) एकीकडे, ‘क्रौंचवध’ (१९४२) दुसरीकडे! एकच खंड चाळणारा विद्यार्थी अर्ध्याच खांडेकरांवर मत ठोकून मोकळा होतो. (आमच्याही हातून असा प्रमाद घडला आहे.) छापील सूचीस हा कालविभाग अपरिहार्य होता, हे मान्य, परंतु अभ्यासकाने आपल्या टिपणांत तो का गिरवावा? प्रत्येक प्रबंधासाठी निराळी पेटी केली की एकच नोंद दोनदा उतरते, आणि दुरुस्ती मात्र एकीतच होते. नोंदींचा संग्रह एकच असावा; विषयभेद पत्रिकेच्या कोपऱ्यातील खुणेने दाखवावा.