जावानी लिपींतील मानाचीं अक्षरें

जावा बेटांतील लिपीविषयीं आपल्याकडील संग्राहकांत एक मत वारंवार ऐकूं येतें. ही लिपि मूळची ब्राह्मीकुळांतील खरी, परंतु तेथील लोकांस वर्णमाला सांभाळतां आली नाहीं. महाप्राण गेले, श, ष, स यांचा संकर झाला, आणि अखेर वीसच अक्षरें हातीं उरलीं, असें हें मत. पोथ्यांचा पुरावा पाहतां तें टिकण्यासारखें नाहीं.

लिपीचा वंश निर्विवाद आहे. पश्चिम जावांतील पूर्णवर्म्याचे पांचव्या शतकांतील संस्कृत शिलालेख पल्लव वळणाचे आहेत, मध्य जावांतील चंगल येथील शके 654 (इ. स. 732) चा लेखहि त्याच वळणाचा. त्यानंतर अवघ्या 28 वर्षांनीं कोरलेल्या पूर्व जावांतील दिनोयो येथील लेखांत अक्षरांनीं देशी रूप घेतलेलें दिसतें. हीच कवि लिपि. शके 726 च्या सुकबुमी येथील लेखांत भाषाहि जुनी जावानी झाली. या कवि लिपींत संस्कृत वर्णमाला जवळजवळ संपूर्ण होती. तेव्हां अक्षरें अज्ञानामुळें गळालीं, हें म्हणणें येथेंच खोडलें जातें.

आजचीं वीस अक्षरें जावानी क्रमानें अशीं: ह न च र क, द त स व ल, प ड ज य ञ, म ग ब ट ङ. अजि शक राजाचे दोन सेवक परस्परांशीं झुंजून मेले, ती कथा या क्रमांतून वाचतात. पाठांतरास ती सोयीची आहे. लिपीचा जन्मकाळ ठरविण्यास तिचा उपयोग नाहीं. संस्कृतज्ञ वाचकानें मात्र येथें एका सापळ्यापासून सावध असावें. रोमन लिप्यंतरांत ट आणि ड यांबद्दल ‘टी’ व ‘डी’ यांस ‘एच’ जोडतात. आपला डोळा तेथें थ आणि ध वाचतो. वस्तुतः ते मूर्धन्य अल्पप्राण आहेत, आणि महाप्राणांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं.

मग महाप्राण गेले कोठें? ते गेलेच नाहींत. ख, घ, थ, फ, भ आणि त्यांच्या जोडीला ण व श यांचीं जुनीं रूपें लिपींत राहिलीं. उच्चार तेवढे क, ग, त, प, ब, न, स असे झाले. त्यांस ‘मुर्द’ अक्षरें म्हणतात. मुर्द म्हणजे आपला मूर्धा, मस्तक. राजे, मान्य पुरुष, स्थळें यांच्या नांवांत तीं आदरार्थ योजितात. नांवाच्या पहिल्या अक्षरास असें रूप नसेल, तर तो मान पुढील अक्षरास देतात. म्हणून पोथींतील एखाद्या नांवांत भ दिसला, तर मूळ शब्दांत भ होताच असें अनुमान करूं नये. तेथें ध्वनि नव्हे, प्रतिष्ठा लिहिलेली असूं शकते. ज्या भाषेंत मोठ्यांशीं बोलण्याचे शब्दच निराळे आहेत, तिच्या लेखकांनीं निरुपयोगी झालेल्या अक्षरांचा असा उपयोग करावा, यांत नवल नाहीं.

दुसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. जावानी भाषेंत एक अस्फुट स्वर आहे, तो संस्कृतांत नाहीं. त्यासाठीं ‘पपत’ नांवाची नवी मात्रा योजिली, आणि त्या स्वरासह येणाऱ्या र व ल यांसाठीं ऋ, ऌ हीं जुनीं अक्षरें कामास लाविलीं. बिचाऱ्या ऌकारास संस्कृतांत कॢप् धातूपलीकडे फारसें काम नव्हतें. जावांत त्यास कायमची चाकरी मिळाली! यास भ्रष्टता म्हणावयाचें, तर काटकसर कशास म्हणावें?

जोडाक्षरांत दुसरें व्यंजन ‘पासंगन’ रूपानें बहुधा पहिल्याच्या खालीं बसतें, आणि शब्द तोडून लिहीत नाहींत. ज्यांनीं मोडी दप्तरें वाचलीं आहेत त्यांस याचा त्रास विशेष वाटूं नये.

खरा घात पुढें छापखान्यानें केला. तॅको रोर्डा या डच पंडिताच्या देखरेखीखालीं 1838 च्या सुमारास पाडलेले खिळे मुख्यतः सुरकर्ता दरबाराच्या वळणाचे होते. ते सुबक आहेत. पण त्यांचा प्रसार इतका झाला कीं इतर ठिकाणचीं वळणें अशुद्ध भासूं लागलीं. रोमन छपाईनें तर मुर्द आणि साधें अक्षर हा भेदच पुष्कळदां पुसून टाकला. वाचनाची सोय झाली खरी, परंतु कोणत्या नांवास लेखकानें मान दिला व कोणास दिला नाहीं, हें अशा प्रतींतून कळण्याचा मार्ग उरला नाहीं. राजघराण्याच्या बखरींत ही हानि क्षुल्लक नव्हे.

जून 1812 मध्यें इंग्रजांनीं योग्यकर्ताचा राजवाडा लुटला, तेव्हां तेथील ग्रंथसंग्रह त्यांच्या हातीं गेला. त्यांतील पोथ्या घेणाऱ्यांत पुढें हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झालेला कॉलिन मॅकेंझी होता. या लुटींतील ब्रिटिश लायब्ररींत असलेल्या 75 पोथ्यांचीं छायाचित्रें 2019 मध्यें तेथील सुलतानांस देण्यांत आलीं. मूळ पोथ्या लंडनमध्येंच आहेत. छायाचित्रें जालावर खुलीं असल्यामुळें रोमन प्रतीवर विसंबण्याचें कारण आतां राहिलेलें नाहीं. यापुढें जो कोणी जावानी पोथीची सूची किंवा प्रत तयार करील, त्यानें निदान मुर्द अक्षरें स्वतंत्र खुणेनें दाखवावीं, आणि आपण पाठ पोथीवरून घेतला कीं छापील प्रतीवरून, हें पहिल्याच पानावर नमूद करावें.