सशाचा बाण : धनुर्वेदांतील फळांच्या यादीचें परीक्षण

जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत बाणांचीं फळें, म्हणजे शरकांडाच्या टोंकास बसविलेलीं लोखंडी पातीं, ओळीनें मांडून ठेवलेलीं असतात. त्यांखालीं पुष्कळदां संस्कृत नांवें लिहिलेलीं आढळतात. चंद्रकोरीसारखें पातें दिसलें कीं 'अर्धचंद्र', सुईसारखें दिसलें कीं 'सूचीमुख', आणि आंखूड व हलकें दिसलें कीं 'ससे, पक्षी वगैरे लहान शिकारीचें' असा शेरा. पहिलीं दोन नांवें ग्रंथांतून आलीं. तिसऱ्या शेऱ्यास आधार कोणता, याचा उलगडा शेरा लिहिणारा करीत नाहीं. ज्या यादीवरून हीं नांवें दिलीं जातात, तिला लहान शिकारीविषयीं कांहीं ठाऊक होतें काय, हा प्रश्न आम्ही येथें तपासणार आहों. प्रश्न क्षुल्लक भासेल. परंतु यादीचा अधिकार कोठपर्यंत चालतो हें ठरविण्यास सशासारखी दुसरी कसोटी नाहीं.

यादी प्रसिद्ध आहे. शाकंभरीच्या हम्मीर चौहानाच्या आश्रितांपैकीं राघवदेव, त्याचा पुत्र दामोदर व दामोदराचा पुत्र शार्ङ्गधर. यानें इ. स. १३६३ मध्यें जी 'शार्ङ्गधरपद्धति' रचिली, तिच्या धनुर्वेदप्रकरणांत ती आली आहे. पीटर्सन यांनीं हा ग्रंथ मुंबईस १८८८ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यांत फळांचीं दहा नांवें आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. नांवें नेमकीं आहेत. बहुतेक आकार नांवावरूनच डोळ्यांपुढें उभे राहतात, आणि संग्राहकांना त्यांचा मोह पडावा यांत नवल नाहीं.

परंतु नांवांपाठोपाठ ग्रंथकार कामेंहि सांगतो, आणि तिकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. आरामुखानें ढाल भेदावी, क्षुरप्रानें धनुष्य तोडावें, सूचीमुखानें कवच फोडावें, अर्धचंद्रानें मस्तक उडवावें, भल्लानें हृदय विंधावें, द्विभल्लानें प्रत्यंचा व येणारा बाण छेदावा, काकतुंडानें लोखंड भेदावें, आणि गोपुच्छानें लक्ष्य साधावें. वाचकांनीं हीं कामें एकामागून एक ठेवून पाहावीं. ढाल, धनुष्य, कवच, मस्तक, हृदय, प्रत्यंचा हें सर्व मिळून एक सशस्त्र पुरुष समोर उभा राहतो. शेवटचें लक्ष्य तें आखाड्यांतलें. हरिण नाहीं, डुक्कर नाहीं, तित्तिर नाहीं, मग ससा कोठून असणार? शरकांडाच्या वर्गीकरणाचीहि हीच गोष्ट. पुढें जाड तो 'नारी', तो दूर जातो. मागें जाड तो 'पुरुष', तो दृढ वस्तु भेदतो. सर्वत्र सारखा तो 'नपुंसक', तो लक्ष्यास योग्य. दूर जाणें, भेदणें आणि नेम साधणें, एवढ्या तिहींतच विचार आटोपला आहे.

आतां हीं फळें सशावर लावून पाहूं. दख्खनच्या माळावरील ससा वजनानें सुमारें दोन ते तीन किलो भरतो. तो बिळांत राहत नाहीं. गवतांतल्या खळग्यांत अंग चोरून बसतो, आणि पाऊल अगदीं जवळ आल्याशिवाय उठत नाहीं. म्हणून बाण सुटतो तो थोड्या अंतरावरून, जमिनीच्या रोखानें, आणि बहुधा दगडधोंड्यांत. सशाचें कातडें पातळ, हाडें नाजूक, आणि सारें मोल मांसाचें. सूचीमुख अशा अंगांतून सरळ पार जाईल व बारीकसें छिद्र पाडील. ससा तसाच पळून कांटेरी झुडपांत जाऊन मरेल, आणि शिकाऱ्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं. अर्धचंद्राचीं दोन्ही शिंगें गवताच्या काड्यांस अडतील. लागलाच तर अंगाचे तुकडे करील. रुंद भल्ल मांसाची नासाडी करील, आणि चुकल्यास दगडावर आपटून त्याची धार जाईल. कवच फोडण्यासाठीं घडविलेलें पोलाद कातडें फाडण्यासाठीं वापरणें हें लोहाराच्या मजुरीच्या दृष्टीनेंहि शहाणपणाचें नव्हे.

मग शिकारी काय वापरीत? याचें उत्तर ग्रंथांत न मिळतां बोलींत मिळतें. 'लागला तर तीर, नाहीं तर तुक्का' ही म्हण आपण नेहमीं ऐकतों. त्यांतील तुक्का म्हणजे फळ नसलेला, बोथट टोंकाचा बाण. म्हणीनें त्यास फुकट गेलेल्या नेमाचें प्रतीक करून टाकिलें आहे; परंतु लहान शिकारींत तोच कामाचा. मध्य भारतांतील भिल्ल, गोंड वगैरे लोक पक्ष्यांसाठीं लाकडी बोंडाचे बोथट बाण वापरीत आले, तें लोखंड परवडत नव्हतें म्हणूनच असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच लोकांपाशीं मोठ्या जनावरासाठीं लोखंडी पात्यांचे बाणहि असत. बोथट बाण रक्तस्रावानें मारीत नाहीं, आघातानें मारतो. तो मांस फाडीत नाहीं, झाडाच्या फांदींत रुतून बसत नाहीं, आणि दगडावर आपटला तर नुकसान एका लांकडाच्या बोंडाचें.

तथापि तुक्क्याची बाजू घेतांना आम्ही त्याची मर्यादा झांकून ठेवीत नाहीं. आघात वेगावर अवलंबून असतो, आणि अंतर वाढलें कीं वेग घटतो. पक्ष्यास जो आघात पुरेल तो सशास पुरेलच असें नाहीं. ससा ही तुक्क्याची वरची सीमा होय : धनुष्य ताठ असेल आणि अंतर थोडें असेल तरच तो योग्य. एरव्हीं अरुंद, पिंपळाच्या पानासारख्या बेताच्या धारेचें लोखंडी फळच लावणें बरें, नाहीं तर जनावर जखमी होऊन तळमळत राहील. सशाहून मोठ्या जनावरावर तुक्का सोडणें हा निव्वळ निर्दयपणा. म्हणजे निवड फळाच्या नांवावरून ठरत नाहीं. ती जनावराचें वजन, कातडें, अंतर आणि जमीन या चार गोष्टींवरून ठरते.

येथें एक आक्षेप येईल. अर्धचंद्र पक्ष्यांसाठीं वापरीत असें पाश्चात्य ग्रंथांत आहे ना? आहे. आस्कम या इंग्रज पंडितानें १५४५ सालच्या 'टॉक्सोफिलस' ग्रंथांत हिरोडियन या इतिहासकाराच्या आधारें रोमचा बादशहा कोमोडस याची हकीकत दिली आहे : चंद्रकोरीच्या फळांनीं तो पक्ष्यांचीं मस्तकें उडवी. परंतु हिरोडियनाचे ते पक्षी शहामृग होते, जागा रंगभूमि होती, आणि उद्देश प्रेक्षकांस थक्क करणें हा होता. जें पातें शहामृगाच्या उंच मानेस योग्य, तें गवतांत दबलेल्या सशास योग्य कसें? उलट शार्ङ्गधरानेंहि अर्धचंद्रास मस्तक उडविण्याचेंच काम दिलें आहे, हें साम्य आमच्याच म्हणण्यास पोषक आहे.

आतां ग्रंथकाराच्या मौनाचें कारण पाहूं. तें अज्ञान नव्हे. राजदरबारीं लहान शिकार मुख्यतः ससाण्याकडे व कुत्र्याकडे सोंपविलेली होती. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त, जो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील ग्रंथ बडोद्याच्या मालेंत श्रीगोंदेकर यांनीं १९२५ पासून संपादून छापिला, मृगयेखेरीज श्येनविनोद व सारमेयविनोद अशीं स्वतंत्र प्रकरणेंच आहेत. कुमाऊंच्या रुद्रदेवाचें 'श्यैनिकशास्त्र', जें हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलें, तें तर श्येनांवरच रचिलेलें आहे. भाषेंतहि हा संबंध उमटला आहे. अमरकोशांत 'पत्त्री' हें नांव बाणासहि आहे व श्येनासहि आहे. आणि श्येनाचें दुसरें नांव 'शशादन', म्हणजे ससे खाणारा. खुद्द शार्ङ्गधराच्या प्रकरणांत बाणास लावावयाच्या पिसांत 'शशादा'चीं पिसें सांगितलीं आहेत. म्हणजे बाणाच्या या प्रकरणांत ससा डोकावतो तो फळांच्या बाजूस नव्हे, पिसांच्या बाजूस. आणि तोहि दुसऱ्याचें भक्ष्य म्हणून.

शार्ङ्गधरावर अन्याय होऊं नये म्हणून सांगितलें पाहिजे कीं, दहा नांवें दिल्यावर तो थांबत नाहीं. आणखीहि अनेक फळें आहेत व देशपरत्वें त्यांचीं रूपें बदलतात, असें तो स्वतःच सांगतो. यादी अपुरी असल्याची कबुली यादींतच आहे. ती पुरी मानण्याचा दोष ग्रंथकाराचा नाहीं, आपला आहे.

या विवेचनाचा उपयोग केवळ वादापुरता नाहीं. लोखंड टिकतें, लांकूड कुजतें. म्हणून संग्रहांत युद्धाचीं फळें उरलीं आणि लहान शिकारीचा बाण गेला. जो उरला, तो 'फळ हरवलेला मोडका बाण' म्हणून अडगळींत पडला. आंखूड लोखंडी फळास 'सशाचें' म्हणण्यासहि आधार नाहीं. फळाचें वजन शरकांडाच्या जाडीशीं व धनुष्याच्या ताणाशीं जुळवावें लागतें, आणि हलक्या धनुष्याचें फळ हलकेंच असणार, मग शिकार कोणतीहि असो.

संग्राहकांस आमची विनंती तीन गोष्टींची. फळ शरकांडापासून वेगळें करून साफ करूं नये. प्रत्येक फळाचें वजन, पात्याची रुंदी, आणि तें नळीनें बसविलें आहे कीं शेपटीनें खोंचलें आहे, हें टिपून ठेवावें. संस्कृत नांव त्यानंतर, आणि खात्री असेल तरच. फळाविना बाण आढळल्यास त्याचें टोंक भिंगाखालीं पाहावें : लोखंड बसविल्याची खांच नसेल आणि लांकूड आघातानें चेपलेलें असेल, तर तो मोडका नसून पुरा बाण असण्याचा संभव मोठा.

वन्यजीव संरक्षण कायद्यानें सशाची शिकार बंद झाली, तें योग्यच झालें. परंतु त्यासरशीं तुक्का करणारे हातहि थांबले. ज्या वृद्धांनीं हें बोंड एकदां तासलें असेल, त्यांची माहिती लिहून घेणें हें पोथ्या गोळा करण्याइतकेंच इतिहाससंशोधनाचें काम आहे. पोथी आणखी शंभर वर्षें वाट पाहूं शकेल, त्यांना तेवढा अवकाश नाहीं.