डिलाईल रोडवरील लेखनशाळा

लोअर परळच्या रेल्वेच्या कारखान्याला सरकारी भाषेंत ‘कार्यशाळा’ म्हणतात. तेथें डबे दुरुस्त होतात, चाकें तपासलीं जातात, आणि जें काम नीट झालें नाहीं तें परत येतें. हाच शब्द अलीकडे कवितेला व कथेला लावण्याची रीत पडली आहे. शब्द उसना असला तरी त्यामागची अपेक्षा मुळींच हंसण्यासारखी नाहीं. लेखन हें देवाघरचें देणें असून तें कोणाला शिकवितां येत नाहीं, असें म्हणणारांपैकीं मी नाहीं. तीस वर्षें निबंध तपासण्यांत घालविल्यावर तसें म्हणण्याचा मला अधिकारहि उरलेला नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, या नव्या कार्यशाळेंत बिघडलेलें काम परत येतें किंवा नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत डिलाईल रोडनजीकच्या एका बंद गिरणीच्या आवारांत, जेथें आतां कचेऱ्या व उपाहारगृहें आहेत, दोन दिवसांची अशी एक कार्यशाळा भरली होती. पहिला दिवस ललितलेखनाचा आणि दुसरा हातानें पुस्तक बांधण्याचा. एका स्नेह्यांच्या आग्रहावरून मी दोन्ही दिवस तेथें श्रोता म्हणून बसलों. चालकांचें नांव मी देत नाहीं. कारण मला जें म्हणावयाचें आहे तें त्यांच्या एकट्याविषयीं नसून या साऱ्या प्रकाराविषयीं आहे, आणि मंडळी मनानें चांगली होती. वीस-बावीस जण जमले होते. शुल्क लहान कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याएवढें होतें. बहुतेक बोलणें इंग्रजींत चाललें. मराठींत लिहिण्याची मुभा होती. ‘मुभा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतों.

या रस्त्याचें आजचें सरकारी नांव ना. म. जोशी मार्ग. ज्यांच्या नांवानें हा रस्ता ओळखला जावा असें ठरलें, त्या नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापिली आणि कामगारवस्तींत रात्रीच्या शाळा, वाचनालयें व फिरतीं ग्रंथालयें चालविलीं. पुस्तक वाचावयास माणूस येत नसेल तर पुस्तकानें माणसाकडे जावें, हा त्यांतील विचार आज साधा वाटतो. त्या काळीं तो साधा नव्हता. पुढें १९२० नंतरच्या पांच-सहा वर्षांत मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें येथें तीन मजल्यांच्या बत्तीस चाळी बांधल्या. एकेका चाळींत ऐंशीं खोल्या, आणि खोली सुमारें एकशें साठ चौरस फुटांची. एवढ्या जागेंत लिहावयास बसणें म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी उठविणें होय. तथापि याच चाळींच्या आवतीभोंवतीं एक लेखनशाळा होती, आणि ती पुष्कळ वर्षें चालली. तिला शुल्क नव्हतें, प्रमाणपत्र नव्हतें, आणि तिचा मास्तर कोण हें सांगणें कठीण होतें.

परंतु त्या शाळेकडे वळण्यापूर्वीं दुसरीचा वंश पाहूं. लेखन शिकवावें ही कल्पना मराठीला नवी नाहीं. प्रा. ना. सी. फडके यांचें ‘प्रतिभासाधन’ १९३१ सालीं निघालें, आणि कथानक कसें रचावें, पात्र कसें उभें करावें, आरंभ कोठें करावा व शेवट कोठें, याची पद्धतशीर चर्चा मराठी वाचकापुढें आली. त्या ग्रंथाच्या इंग्रजी उगमाविषयीं जो वाद झाला त्यांत मी शिरत नाहीं; एवढें मात्र खरें कीं, ‘तंत्र’ हा शब्द त्यानंतर मराठी टीकेंतून कधीं गेला नाहीं. इंग्रजींत पर्सी लबक यांनीं १९२१ मध्येंच कादंबरीच्या कारागिरीवर आपलें पुस्तक लिहून ‘दाखविणें’ आणि ‘सांगणें’ असा भेद रूढ केला होता. अमेरिकेंत आयोवा विद्यापीठानें १९३६ सालीं लेखकांची कार्यशाळाच स्थापिली. त्याच आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखनवर्गाला आपले दिलीप चित्रे १९७५ च्या सुमारास जाऊन आले. पण त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९६० सालींच निघालेला होता. ते तेथें कवि होण्यास गेले नव्हते, कवि झाल्यावर गेले होते. हा फरक आमच्या कार्यशाळांच्या जाहिरातींत दिसत नाहीं.

त्या दिवशींच्या वर्गांत पहिलाच धडा मिळाला तो हा: सांगूं नका, दाखवा. शाळकरी निबंधांत ‘माझें अंत:करण भरून आलें’ छापाचीं जीं वाक्यें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत, त्यांवर हें औषध गुणकारी आहे, आणि मीहि तें वर्गांत देत आलों आहें. परंतु औषधाचें अन्न होऊं लागलें म्हणजे प्रकृति बिघडते. आपल्या भाषेंत गोष्ट सांगतात. ‘गोष्ट दाखविणें’ असा प्रयोग मराठींत नाहीं. कीर्तनकार आख्यान सांगतो, मध्येंच थांबतो, आपलें मत देतो, समोरच्याला टोंकतो आणि पुन्हां कथेंत शिरतो. पोवाड्यांत शाहीर स्वत: उभा असतो; तो लपून बसत नाहीं. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ नाहींच मिळाली. ते लिहूं लागले तेव्हां त्यांनीं जी कला उचलली ती ही सांगण्याचीच होती. १९४४ सालीं अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनीं ‘लाल बावटा कलापथक’ उभें केलें. कामगारांच्या मैदानांतील त्या श्रोत्यांपुढें जें टिकलें तें टिकलें. ज्या कडव्याला लोक बोलूं लागले, तें कडवें दुसऱ्या दिवशीं बदललें गेलें असलें पाहिजे. गद्यांतील ‘फकिरा’ १९५९ मध्यें आली, तेव्हां तिच्या मागें पंधरा वर्षांची ही तालीम होती.

नारायण सुर्वे यांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. रस्त्यावर सांपडलेलें मूल, त्याला वाढविणारे गिरणींत राबणारे आईबाप, कशीबशी चौथीपर्यंतची शाळा, मग मिळेल तें काम, पालिकेच्या शाळेंत शिपाई आणि शेवटीं शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ सालीं व ‘माझे विद्यापीठ’ १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. या दुसऱ्या नांवाचा आपण फार उत्साहानें पण थोडा चुकीचा अर्थ लावतों. रस्ता हेंच विद्यापीठ, म्हणजे शिक्षणाची गरज नाहीं, असें त्यांतून कोणी काढूं नये. ज्या माणसानें मोठेपणीं परीक्षा देऊन शिक्षकाची नोकरी मिळविली, त्याला शिक्षणाची किंमत आपल्यापेक्षां अधिक ठाऊक होती. विद्यापीठांत परीक्षा असते; रस्त्यानेंहि त्यांची परीक्षा घेतली. सभेंत, युनियनच्या कचेरींत कविता वाचणें म्हणजे पाळी संपवून आलेल्या माणसाची झोंप खर्च करणें होय, आणि ती परत मागण्याचा हक्क त्याला असतो. ज्या श्रोत्याला उठून जाण्याची मोकळीक आहे, त्याच्यापुढें लिहिणारा माणूस शब्द जपून वापरावयास शिकतो. मीं वर ज्या मास्तराचा उल्लेख केला तो हा.

आमच्या कार्यशाळेंत उठून जाणारा कोणी नव्हता. प्रत्येकानें आपलें पानभर वाचावें, मग बाकीच्यांनीं ‘यांत तुम्हांला काय आवडलें’ एवढेंच सांगावें, असा नियम होता. नियमाचा हेतु उघड आहे: नवख्याचें धैर्य खचूं नये. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, बावीस पानें वाचलीं गेलीं आणि बावीसहि आवडलीं.

त्यांत एक पान वेगळें होतें. चाळींतून आलेल्या एका कॉलेजकन्येनें आपल्या आजोबांविषयीं लिहिलें होतें. आजोबा सांचेखात्यांत होते. जानेवारी १९८२ मध्यें संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि आजोबा पुन्हां आंत गेले नाहींत; मात्र पहिल्या पाळीच्या वेळेला त्यांना अजून जाग येते. विषय खरा, आणि मुलगीहि खरी. परंतु तिनें लिहिलें होतें: ‘यंत्रांचा आवाज’. कोणतें यंत्र? किती? आजोबा त्याच्यापुढें उभे राहून काय करीत? हें तिला कोणी विचारलें नाहीं. उलट, आजोबा आपल्या तोंडानें संपाची हकीकत सांगतात तें एकच जिवंत वाक्य ‘सांगणें’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला तिला मिळाला. मीहि गप्प बसलों; मी श्रोता होतों.

गप्प बसण्याचें दुसरेंहि कारण होतें. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठीं याच वस्तींतील एका विद्यार्थ्यानें मजकडे एक लेख आणून दिला होता. त्यांत सांचा होता, कांडी होती, धोटा होता, ‘बदली’ म्हणून रोज फाटकावर उभा राहणारा बाप होता. त्या शब्दांखालीं मीं लाल रेघा ओढल्या आणि समासांत ‘सर्वसामान्य वाचकास दुर्बोध’ असा शेरा मारला. मामा वरेरकरांच्या गिरणी-कामगारांवरील कादंबरीचें नांवच ‘धावता धोटा’ आहे, आणि ती मीं वर्गांत कौतुकानें सांगितली होती. तरी माझ्या हातून हें झालें. प्रतिष्ठित लेखकानें वापरलेला धोटा मला वाङ्मय वाटला, आणि कामगाराच्या मुलानें वापरलेला दुर्बोध. तो लेख सुधारून परत आला नाहीं. म्हणजे माझ्या वर्गांत ‘नाहीं’ म्हणणारा होता, पण त्याचें ‘नाहीं’ चुकीच्या ठिकाणीं पडलें. कार्यशाळेच्या गोडव्याला मी जेव्हां नांवें ठेवतों, तेव्हां त्याच्या उलट टोकाला माझी ती लाल पेन्सिल आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

कामगाराचें सांगणें तसेंच ऐकून घेतलें तर काय होतें, याचा दाखला नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या गिरणगांवावरील ग्रंथांत आहे. २००४ सालीं तो प्रथम इंग्रजींत निघाला आणि मागाहून मराठींत आला. गिरणी-कामगारांचीं व वस्तींतील माणसांचीं कथनें त्यांत एकापुढें एक ठेवलेलीं आहेत. तेथें कोणी कोणाला ‘दाखवा’ म्हणत नाहीं, आणि तरी सारें दिसतें. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकांत किंवा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ मधील कथांत कारागिरी पुष्कळ आहे. पण ती अशा ऐकण्यावर उभी आहे, तिच्याऐवजीं आलेली नाहीं.

दुसऱ्या दिवसाकडे मी थोडा पूर्वग्रह घेऊन गेलों. हातानें बांधलेल्या पुस्तकाचें नांव निघालें कीं मला विल्यम मॉरिस आठवतो. हा समाजवादी गृहस्थ १८९१ सालीं केल्म्स्कॉट छापखाना काढतो, कागद, शाई, खिळे, सारें निर्दोष करतो, आणि १८९६ मध्यें त्याच्या चॉसरच्या ग्रंथाच्या कागदावरील प्रती निघतात चारशें पंचवीस. किंमत वीस पौंड. ज्यांच्यासाठीं तो झटत होता त्यांपैकीं एकाच्याहि घरीं ती प्रत गेली नसेल. आमच्याकडील ग्रंथकलेचा इतिहास याच्या उलट दिशेनें चालला. जावजी दादाजी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर होते. १८६९ सालीं त्यांनीं निर्णयसागर काढला, आणि शुद्ध व सुबक छपाई सामान्य भाविकाच्या पोथींत नेऊन बसविली. पुढें चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनीं ‘शब्द’ काढलें तें सायक्लोस्टाइल करून. तेथें ओबडधोबडपणा ही हौस नव्हती, खिशाची स्थिति होती. शाळांतून व मंडळांतून निघणाऱ्या हस्तलिखित अंकांचीहि गोष्ट तीच. सुंदर अक्षराचा मुलगा शोधावयाचा, चित्रे काढणाऱ्याला पकडावयाचें, आणि एकच प्रत सर्वांनीं हात धुऊन वाचावयाची!

तेव्हां टेबलावर मांडलेला परदेशी कागद व रंगीत दोरा पाहून माझ्या कपाळाला आठी पडली, हें कबूल करतों. पण तासाभरांत ती उतरली. कारण कालपासून प्रथमच कोणीतरी ‘नाहीं’ म्हणत होतें. घडी वांकडी पडली कीं फर्मा जुळेना. दाभणाचें भोंक एक दोरा इकडे झालें कीं टांका ओढतांच कागद फाटे. खळ जास्त झाली कीं पुठ्ठा वाळतांना वर उचले. येथें ‘तुम्हांला काय आवडलें’ हें विचारण्याची सोयच नव्हती. शिकविणारा कारागीर फार बोलत नसे; तो वही हातांत घेई, उघडून पाही, आणि टांके कापून परत देई. काल कौतुक ऐकून सैल बसलेली मंडळी आज मान खालीं घालून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिवीत होती, आणि कोणाचेंहि धैर्य खचलेलें मला दिसलें नाहीं. लेखनाच्या वर्गानें या कारागिराला आदल्या दिवशींच बोलाविलें असतें तर बरें झालें असतें.

त्या मुलीनें आपलें पान स्वच्छ लिहून वहींत शिवलें आणि ती घरीं नेली. महिन्याभरानें ती मला भेटली. तिनें तें आजोबांना वाचून दाखविलें होतें. ‘यंत्रांचा आवाज’ येथें त्यांनीं तिला थांबविलें. यंत्र कसलें, म्हणाले, सांचा म्हण. आणि मग एका माणसाकडे किती सांचे असत, धागा तुटला म्हणजे काय करीत, खात्यांत बोलणें ऐकूं येत नसे म्हणून ओठांवरून कसें ओळखीत, हें त्यांनीं जेवण थंड होईपर्यंत सांगितलें. संपाची हकीकत त्यांनीं सांगितली तशीच तिनें परत घातली आहे. चाळींच्या पुनर्बांधणीचें काम म्हाडानें हातीं घेतलें आहे, खोली सोडावयाची आहे, आणि तिला अजून पुष्कळ विचारावयाचें आहे. म्हणून ती आतां रोज थोडें लिहून घेते.

वही तिनें मला पाहावयास दिली. एका पानाचीं तिचीं आतां सात पानें झालीं होतीं, आणि मूळचे टांके उसवून तीं आंत शिवलेलीं होतीं. घडीच्या कडेला पहिल्या शिवणीचीं भोंकें तशींच राहिलीं आहेत. तीं बुजवावीं काय, असें तिनें विचारलें. मीं राहूं दे म्हटलें. आणि सातव्या पानावर एका ठिकाणीं ‘कोलाहल’ हा शब्द होता, त्यावर बोट ठेवून, हा आजोबांचा कीं तुझा, एवढें विचारलें.